‘डार्क’चे तिसरे पर्व : सुटलेले कोडे, न मिटलेला वाद

जर्मन मालिकेचा शेवट प्रेक्षकांना का दुभंगून गेला?

(पूर्वसूचना : या लेखात मालिकेच्या तिन्ही पर्वांचे कथानक आणि शेवट उघड केला आहे.)

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी माणसाला भाषा शिकण्यासाठी सहकारी हमखास एक मालिका सुचवतात, ती म्हणजे ‘डार्क’. सतत कोसळणारा पाऊस, काळोखे जंगल, अणुऊर्जा प्रकल्पाची धुराडी आणि एकमेकांपासून काहीतरी लपवणारी चार कुटुंबे हे तिचे विश्व. पहिल्या दोन पर्वांविषयी प्रेक्षकांचे बरेचसे एकमत आढळते. तिसऱ्या आणि अंतिम पर्वाचा विषय निघाला की मात्र ते संपते. कोणी त्याला दूरचित्रवाणीवरील सर्वांत नेटका शेवट म्हणतो, तर कोणाला त्याच शेवटाने आपली फसवणूक केली असे वाटते. हे पर्व २७ जून २०२० रोजी प्रदर्शित झाले. त्याभोवतीचा वाद अजूनही चालू आहे. त्या वादातील प्रमुख बाजू आणि त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न यांचा हा आढावा.

मालिकेची पार्श्वभूमी

‘डार्क’ ही नेटफ्लिक्सची पहिली मूळ जर्मन मालिका. बारान बो ओडार आणि यांत्ये फ्रीजे हे तिचे निर्माते-लेखक. निर्मिती ‘वीडेमान अँड बेर्ग’ या संस्थेची. ऑस्कर मिळवणारा ‘द लाइव्ह्‌ज ऑफ अदर्स’ हा जर्मन चित्रपटही याच संस्थेचा. दहा भागांचे पहिले पर्व १ डिसेंबर २०१७ रोजी आले. आठ भागांचे दुसरे पर्व २१ जून २०१९ रोजी आणि तेवढ्याच भागांचे तिसरे पर्व त्यानंतर वर्षभराने आले. एकूण सव्वीस भागांत कथा संपते. तिसरे पर्व शेवटचे असेल, हे निर्मात्यांनी दुसरे पर्व प्रदर्शित होण्यापूर्वीच जाहीर केले होते. २०१८ मध्ये जर्मन दूरचित्रवाणी क्षेत्रातील प्रतिष्ठेचा ग्रिमे पुरस्कारही मालिकेला मिळाला.

कथा घडते विंडन या काल्पनिक गावात. चित्रीकरण मुख्यतः बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये झाले. मालिकेतील शाळा म्हणजे बर्लिनमधील राइनफेल्डर शाळेची इमारत, तर दफनभूमीतील लाकडी प्रार्थनागृह बर्लिनलगतच्या श्टान्सडोर्फ येथे आहे. कानवाल्ड, नील्सन, डॉप्लर आणि टीडेमान ही गावातील चार कुटुंबे. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी मिकेल नील्सन हा मुलगा गुहेजवळ नाहीसा होतो आणि १९८६ सालात पोहोचतो. तेथेच तो मिशाएल या नावाने वाढतो, लग्न करतो आणि योनास कानवाल्डचा बाप होतो. परिणामी योनासची प्रेयसी मार्था ही नात्याने त्याची आत्या ठरते. काळ तेहतीस वर्षांच्या अंतराने स्वतःला गाठत राहतो : १९५३, १९८६, २०१९. दुसऱ्या पर्वात हा पट मागे १९२१ पर्यंत आणि पुढे २०५३ पर्यंत ताणला गेला.

मालिकेला विज्ञानकथा म्हटले जात असले, तरी तिचा गाभा कौटुंबिक आहे. कालप्रवासाचे यंत्र येथे भविष्य दाखवण्यासाठी येत नाही. आईबापांनी लपवलेले मुलांसमोर आणण्यासाठी ते येते. व्यभिचार, बेपत्ता झालेली मुले आणि न बोललेला अपराध यांचा वारसा पिढ्यान्‌पिढ्या कसा फिरत राहतो, हे मालिका सांगते. जर्मन प्रेक्षकाला ही पद्धत अनोळखी नव्हती. एडगार राइट्स यांच्या ‘हायमाट’ या १९८४ च्या मालिकेने शाबाख या काल्पनिक खेड्यातील एका कुटुंबाच्या आधारे जर्मनीचा विसावा शतकभराचा इतिहास मांडला होता. ‘डार्क’ने तोच गाव-कुटुंबाचा साचा घेतला आणि काळाची सरळ रेषा वाकवून तिचे वर्तुळ केले.

तिसऱ्या पर्वाने काय बदलले?

दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस विंडनमध्ये प्रलय होतो, मार्थाचा मृत्यू होतो आणि त्याच क्षणी दुसरी एक मार्था योनाससमोर उभी राहते. ती दुसऱ्या काळातून आलेली नसते, दुसऱ्या जगातून आलेली असते. तिसरे पर्व येथून सुरू होते.

या दुसऱ्या जगात मिकेल हरवलाच नाही. त्यामुळे योनास जन्मलाच नाही. घरांची रचना आरशातल्यासारखी उलटी आहे. उलरिख नील्सनने काथारिनाला सोडून हानाशी संसार थाटला आहे, आणि तेथेही तो तिच्याशी प्रामाणिक नाही. प्रलय मात्र या जगालाही चुकलेला नाही; तो नोव्हेंबर २०१९ मध्येच येतो. योनास म्हातारपणी आडाम होतो, तर या जगातील मार्था एव्हा. बायबलमधील आदाम आणि हव्वा यांचीच ही नावे. आडामला गाठ कायमची तोडायची आहे, तर एव्हाला ती टिकवायची आहे, कारण त्या गाठीतूनच तिचा मुलगा जन्मला आहे. या निनावी मुलाची तीन वये पडद्यावर एकत्र वावरतात. त्याचे मध्यम वय याकोब डील यांनी आणि वार्धक्य हान्स डील यांनी साकारले आहे. हे दोघे प्रत्यक्षातही पिता-पुत्र आहेत.

शेवटच्या भागात वृद्ध क्लाउडिया टीडेमान उलगडा करते. ही दोन्ही जगे मूळ नव्हेत. मूळ जग तिसरेच आहे. तेथे घड्याळजी टान्हाउस यांचा मुलगा, सून आणि तान्ही नात मोटार अपघातात दगावतात. त्यांना परत आणण्यासाठी टान्हाउस यंत्र बनवतात, आणि १९८६ मध्ये ते सुरू होताच त्यांचे जग दुभंगून ही दोन जगे निर्माण होतात. योनास आणि मार्था त्या अपघाताच्या रात्री पोहोचतात, मोटार थांबवतात आणि त्यासरशी दोघेही विरून जातात. त्यांच्याबरोबर दोन्ही जगेही जातात.

पसंतीचे मुद्दे

या पर्वाची बाजू घेणाऱ्यांचा पहिला मुद्दा पूर्णत्वाचा आहे. रहस्यमालिका उत्सुकता चाळवतात आणि उत्तरे द्यायची वेळ आली की गळपटतात, असा प्रेक्षकांचा जुना अनुभव आहे. ‘डार्क’ने आरंभापासून तीन पर्वांची मर्यादा पाळली आणि बहुतेक प्रश्नांची उत्तरे दिली. नील्सन घराण्याचे मूळ कोणते, आडामच्या डावाला छेद कोठे गेला, रेगिनाचा खरा पिता कोण, ही उत्तरे मिळाल्यावर पहिले पर्व पुन्हा पाहिले तर साध्या वाटलेल्या वाक्यांना दुसरा अर्थ येतो. मालिका पुन्हा पाहणाऱ्यांची मोठी संख्या हे या पर्वाचे यश मानले जाते.

दुसरा मुद्दा भावनेचा. कोड्याच्या तळाशी कोणी दुष्ट सूत्रधार किंवा गुप्त संस्था निघाली नाही. मुलगा गमावलेला एक बाप निघाला. सगळ्या अनर्थाचे मूळ द्वेषात नसून शोकात आहे, ही गोष्ट अनेकांना हेलावून गेली. हाच नियम इतरांनाही लागू होतो. उलरिख मुलासाठी काळात शिरतो, क्लाउडिया मुलीसाठी, एव्हा मुलासाठी. प्रत्येक जण प्रेमापोटीच वागतो आणि नेमके त्यामुळेच सर्वांचे दुःख टिकून राहते.

तिसरा मुद्दा कलागुणांचा. एकाच व्यक्तिरेखेच्या वेगवेगळ्या वयांसाठी निवडलेल्या नटांमधील साम्य, बेन फ्रॉस्ट यांचे अस्वस्थ करणारे पार्श्वसंगीत, निकोलाउस सुमरर यांचे छायाचित्रण आणि दोन जगांतील फरक केवळ केशरचना, जखमेचा व्रण आणि खोलीची दिशा यांवरून ओळखू येईल अशी मांडणी, यांबद्दल नाराज प्रेक्षकांचीही फारशी तक्रार नाही.

नाराजीचे मुद्दे

पहिली तक्रार गर्दीची आहे. आधीच चार कुटुंबे, पाच-सहा कालखंड आणि एकेका व्यक्तीची तीन-तीन रूपे; त्यात सगळ्यांची दुसरी आवृत्ती आली. आठ भागांत एवढे मावत नाही, असे या प्रेक्षकांचे म्हणणे. याचा फटका व्यक्तिरेखांना बसला. माग्नुस आणि फ्रांझिस्का आडामचे मूक सहायक होऊन राहिले. सातव्या ‘काळाच्या मध्यंतरी’ या भागात दशकानुदशकांच्या घटना तुकड्या-तुकड्यांनी भरून काढल्या आहेत. तो भाग काहींना मालिकेचा कळस वाटतो, तर काहींना राहिलेल्या कामांची यादी.

दुसरी तक्रार दुसऱ्या जगाविषयीच आहे. पहिल्या दोन पर्वांचा धाक एका नियमावर उभा होता : जे घडले ते घडणारच, आणि टाळण्याचा प्रयत्नही घडण्याचाच भाग आहे. समांतर जग आल्यावर हा नियम सैल झाला. प्रलयाच्या क्षणी काळ निमिषमात्र थांबतो, त्या फटीत कार्यकारणाची साखळी तुटते आणि एकच घटना दोन प्रकारे घडू शकते, असे स्पष्टीकरण मालिका देते. त्यासाठी एर्विन श्रोडिंगर यांच्या १९३५ मधील मांजराच्या वैचारिक प्रयोगाचा आधार घेतला आहे. हा नियम आधी पेरायला हवा होता. शेवटच्या पर्वात तो आणणे म्हणजे खेळ संपता संपता नवा पत्ता टेबलावर टाकणे होय, असा आक्षेप घेतला जातो.

तिसरी तक्रार उलगड्याच्या रीतीची. क्लाउडियाने तिसऱ्या जगाचा शोध कसा लावला, हे प्रेक्षकाला दिसत नाही. ती आडामला बसवून सांगते. ज्या मालिकेने सव्वीसपैकी पंचवीस भाग प्रेक्षकाला स्वतः शोधायला लावले, तिने शेवटी उत्तर वाचून दाखवावे, याचे अनेकांना वाईट वाटले. शिवाय अपघात टळला तर यंत्र बनणार नाही, यंत्र नसेल तर योनास-मार्था नसतील, आणि ते नसतील तर अपघात टाळला कोणी, हा तार्किक पेच उरतोच. समर्थक त्यावर म्हणतात की, मूळ जगातील टान्हाउसने काय केले आणि त्याच्या जगाचे पुढे काय झाले, या दोन्ही गोष्टी त्या एका फटीत एकदाच खऱ्या ठरतात. हे उत्तर ज्याला पटते त्याला शेवट पटतो.

चौथी तक्रार क्रौर्याची. काथारिना आपल्या नवऱ्याला वेड्यांच्या इस्पितळातून सोडवण्यासाठी १९८७ मध्ये जाते आणि तळ्याकाठी स्वतःच्याच आईच्या हातून मारली जाते. तिला ती ओळखतही नाही. उलरिख तेथेच खितपत राहतो. या दोघांना कोणताही दिलासा न देता कथेने पुढे जावे, हे बऱ्याच प्रेक्षकांना सहन झाले नाही.

जर्मन प्रेक्षक आणि बाहेरचे प्रेक्षक

मालिका जगभर गाजली. तिसरे पर्व येण्याआधीच, मे २०२० मध्ये, ‘रॉटन टोमॅटोज’च्या वाचकांनी नेटफ्लिक्सच्या मूळ मालिकांमधून तिची सर्वोत्कृष्ट म्हणून निवड केली, अंतिम फेरीत तिने ‘ब्लॅक मिरर’ला मागे टाकले. जर्मनीतील प्रतिसाद तुलनेने सावध होता. पहिल्या पर्वाच्या वेळी तिची तुलना ‘स्ट्रेंजर थिंग्ज’शी झाली, आणि संवाद जडजंबाळ आहेत, प्रत्येक जण सुभाषित बोलल्यासारखा बोलतो, अशी टीका झाली. ही टीका तिसऱ्या पर्वात वाढली, कारण आडाम आणि एव्हा यांच्या तोंडी तत्त्वचिंतनच अधिक आहे. उपशीर्षके वाचणाऱ्या परकीय प्रेक्षकाला जे गूढगंभीर वाटते, ते मातृभाषेत ऐकणाऱ्याला कृत्रिम वाटू शकते. मराठी नाटकातील पल्लेदार स्वगते परभाषिकाला आणि आपल्याला जशी वेगवेगळी भासतील, तसाच हा प्रकार.

उलट काही संदर्भ जर्मन प्रेक्षकालाच अधिक भिडतात. एप्रिल १९८६ मधील चेर्नोबिल दुर्घटनेनंतर मुलांना बाहेर वाळूत खेळू न देणारी, दूध आणि अळंबी टाळणारी पिढी या देशात आहे. मालिकेतील १९८६ साल आणि प्रकल्पात पुरलेली पिंपे त्यांना केवळ रहस्याचा भाग वाटत नाहीत. विंडनचा प्रकल्प कथेत २०२० मध्ये बंद होणार असतो; प्रत्यक्षात जर्मनीने आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या १५ एप्रिल २०२३ रोजी बंद केल्या. आजोबांच्या पिढीने काय केले, याचा शोध नातवंडांनी घ्यायचा, हे सूत्रही युद्धोत्तर जर्मन समाजाच्या ओळखीचे आहे.

प्रदर्शनाच्या दिवसाचाही प्रतिसादावर परिणाम झाला. २७ जून २०२० ही कथेतील प्रलयाची तारीख. दुसऱ्या पर्वाची २१ जून २०१९ ही तारीखही मिशाएलच्या आत्महत्येची होती. पण २०२० चा जून आला तोपर्यंत कोरोनाच्या महासाथीने जग थांबवले होते. जग संपण्याची गोष्ट लोक आपापल्या घरात अडकून पाहत होते. शेवटाची तीव्रता त्यामुळे वाढली, असे मानायला जागा आहे.

मराठी प्रेक्षकाच्या नजरेतून

मराठी वाचकाला समांतर जगाची कल्पना नवी नाही. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात पोहोचतात, जेथे १७६१ च्या पानिपतात विश्वासराव बचावले आणि मराठे जिंकले. तेथेही पुंजवादाचा आधार आहे आणि तेथेही एका क्षणाच्या फरकाने जग बदलते. पण गंगाधरपंत आपल्या जगात परततात. योनास आणि मार्था यांना परतायला जगच उरत नाही. हा फरक ‘डार्क’च्या शेवटाचे वजन दाखवतो.

कालचक्र आणि प्रारब्ध या शब्दांवर वाढलेल्या प्रेक्षकाला मालिकेचे वर्तुळ लवकर कळते. मात्र आपल्याकडील कल्पनेत चक्रातून सुटणारा सुटतो. येथे चक्र थांबते तेव्हा त्यातील माणसे मुळात नव्हतीच, असे होते. याला मुक्ती म्हणायचे की नाश, हाच या पर्वाविषयीचा खरा वाद आहे.

वादाचे मूळ : जेवणाच्या टेबलावरील सहा जण

शेवटच्या प्रसंगात वादळी रात्री रेगिनाच्या घरी सहा माणसे जेवायला जमली आहेत : रेगिना, काथारिना, हाना, पेटर, बेर्नाडेट आणि वोलर. कालप्रवासाच्या गाठीतून ज्यांचा जन्म झालेला नाही, तीच माणसे उरली आहेत. उलरिख नाही, शार्लोटे नाही, मार्था नाही. क्षणभर दिवे जातात. गरोदर हानाला पूर्वी हे घडल्यासारखे वाटते. पिवळ्या पावसाळी कोटाकडे पाहून ती थबकते. मुलाचे नाव काय ठेवणार या प्रश्नावर ती म्हणते, योनास हे नाव चांगले आहे.

येथे प्रेक्षकांचे दोन गट पडतात. एका गटाला हे दृश्य शांत करते. रेगिना निरोगी आहे, काथारिना हसते आहे, कोणाचेही मूल हरवलेले नाही. दुसऱ्या गटाला रिकाम्या खुर्च्या दिसतात. त्या टेबलावरील काथारिनाला माग्नुस, मार्था आणि मिकेल ही मुले कधी झालीच नाहीत, आणि त्यांची आठवण काढायलाही कोणी नाही. दुःख नाहीसे करण्याची किंमत म्हणून माणसे नाहीशी करणे योग्य आहे का? मुकी-बहिरी एलिझाबेट आणि तिची आई शार्लोटे एकमेकींच्या माता आहेत, हे निसर्गनियमाच्या विरुद्ध असेल. पण त्यांनी एकमेकींवर केलेले प्रेम खोटे होते काय?

या प्रश्नाचे उत्तर मालिका देत नाही आणि प्रेक्षकांच्या मतभेदाचे कारण बहुधा हेच आहे. जे तिसरे पर्व कोडे म्हणून पाहतात, ते उत्तर बरोबर आले का ते तपासतात. जे ते कुटुंबांची गोष्ट म्हणून पाहतात, ते कोण उरले आणि कोण गेले हे मोजतात. दोन्ही गट एकच दृश्य पाहून परस्परविरुद्ध निष्कर्षांवर येतात. तार्किक त्रुटींवरील चर्चाही बरेचदा या मूळ अस्वस्थतेचेच दुसरे रूप असते. ज्याला शेवट मान्य नाही, त्याला त्यातील फट आधी दिसते.

पाहणाऱ्यांसाठी

तिसरे पर्व दुसऱ्यानंतर लगेच पाहावे. मध्ये वर्षभराचा खंड पडलेल्यांना गोंधळाचा त्रास अधिक झाला. आवाज जर्मन ठेवून उपशीर्षकांसह पाहणे श्रेयस्कर, कारण भाषांतरित आवाजात अभिनयाचा पोत हरवतो. नेटफ्लिक्सने मालिकेसाठी तयार केलेला अधिकृत वंशवृक्ष प्रेक्षकाने पाहिलेल्या भागापर्यंतचीच माहिती दाखवतो, त्यामुळे रहस्यभंगाची भीती नाही. दोन जगे ओळखण्याची सोपी खूण मार्थाच्या केसांत आहे : कपाळावर बट कापलेली मार्था दुसऱ्या जगातली.

ओडार आणि फ्रीजे यांची पुढील मालिका ‘१८९९’ नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि आठ भागांनंतर जानेवारी २०२३ मध्ये रद्द झाली. तिची कोडी अर्धवटच राहिली. त्यानंतर ‘डार्क’च्या तिसऱ्या पर्वाकडे पाहण्याची काही टीकाकारांची दृष्टीही थोडी सौम्य झाली. शेवट आवडला नाही म्हणण्यासाठी आधी तो असावा लागतो. विंडनच्या चार कुटुंबांना तो मिळाला, आणि त्यांच्यापैकी कोण जगायला हवे होते, हे प्रेक्षक आजही आपापसांत ठरवत आहेत.